शाळेत आणि गावात मध्यस्थी शिकवताना: पहिल्या तासिकेपासून लेखी समेटापर्यंत

मधली सुट्टी. नळावर रांग, आणि सहावीच्या दोन मुली एकमेकींच्या वेण्या धरून उभ्या. बाई धावत येतात, दोघींना सोडवतात आणि विचारतात, "सुरुवात कुणी केली?" दोघींची बोटं एकमेकींकडे. मग नेहमीचं: दोघींनाही समज, "आता हात मिळवा, सॉरी म्हणा." हात मिळतात. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर तेच भांडण पुन्हा उभं राहतं, आता दोघींच्या मैत्रिणींसकट.

बाईंनी मारामारी थांबवली, ते गरजेचंच होतं. पण भांडण कशावरून होतं ते कुणी ऐकलं नाही. गावात तरी वेगळं काय होतं? "भाऊभाऊ आहात, मिटवून टाका" असं म्हणून उठवलेली बैठक पुढच्या पेरणीला परत बसवावी लागते. मध्यस्थीत ही ऐकण्याची पायरी कुणालाही गाळता येत नाही. आणि मध्यस्थ निवाडा देत नाही. कोण चूक, कोण बरोबर हे तो सांगत नाही, तोडगाही सुचवत नाही. दोघांना स्वतःचा तोडगा सापडेपर्यंत तो बैठक सांभाळतो. शिकवायला सगळ्यात अवघड हेच, कारण आपल्याकडे मधे पडणाऱ्या माणसाकडून निवाड्याचीच अपेक्षा असते. शाळेत मुलांनीच मुलांची मध्यस्थी करावी आणि गावात मोठ्यांनी मोठ्यांची, यासाठीचं पुढचं सगळं प्रशिक्षण या एका सवयीवर बेतलेलं आहे.

कशात मध्यस्थी करायची नाही

हे आधी ठरवा, लिहा आणि शिक्षक-खोलीत लावा. लैंगिक छळाची कुठलीही बाब मुलांच्या मध्यस्थीत येत नाही, मोठ्यांच्याही नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाबाबत अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. "शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू" असं म्हणणारा माणूस कितीही मोठा असला तरी त्याचं ऐकू नका. घरात मार खाणारं मूल, जातीवरून केलेला अपमान, शस्त्र, नशा, पैसे उकळणं या गोष्टीही मुख्याध्यापकांकडे आणि तिथून पुढे योग्य यंत्रणेकडे जायला हव्यात. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असू द्या.

आणखी एक प्रकार पटकन ओळखू येत नाही. पाच जण मिळून एकाला महिनोन्‌महिने छळतात, तेव्हा ते भांडण नसतं. भांडणात दोन्ही बाजूंना थोडंफार बळ असतं. छळात एकच बाजू बळाची असते. अशा मुलाला छळणाऱ्यांसमोर बसवून "तुझं काय म्हणणं आहे?" विचारलं, तर तो म्हणेल, "काही नाही." बाहेर गेल्यावर त्याला त्या बैठकीचीही किंमत मोजावी लागेल. इथे मोठ्यांनी संरक्षण द्यायचं असतं, समेट नव्हे.

माणसं निवडताना

तीनशे मुलांच्या शाळेला बारा ते सोळा मध्यस्थ पुरतात. सातवी-आठवीतली मुलं घ्या. मॉनिटर आणि पहिल्या पाच नंबरांतली मुलं घेतलीत, तर उपक्रम पहिल्याच महिन्यात बंद पडेल, कारण बाकीच्या मुलांना ती शिक्षकांची माणसं वाटतात. प्रत्येक वर्गात चिठ्ठ्या वाटा आणि एकच प्रश्न द्या: "तुझं भांडण झालं तर वर्गातल्या कुणाला सांगशील?" चिठ्ठ्या उघडल्या की नावं वाचून तुम्हाला नवल वाटेल. नेहमी मागच्या बाकावर बसणारी, फारसं न बोलणारी एखादी मुलगी सात-आठ चिठ्ठ्यांवर असते. मुलं-मुली निम्मे-निम्मे, सगळ्या वाड्या-वस्त्यांतली, आणि दोन-तीन अशी, जी स्वतःच सतत भांडणात असतात. ही शेवटची मुलं बहुतेक वेळा सर्वांत चांगले मध्यस्थ होतात. भांडणाच्या आतून कसं वाटतं ते त्यांना ठाऊक असतं.

मुख्याध्यापकांची परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडलेला विषय, या दोन्ही गोष्टी आधी हव्यात. पालकांची लेखी संमती घ्या. त्या पत्रात एक वाक्य स्पष्ट असू द्या: मध्यस्थीच्या बैठकीत मूल जे सांगेल, त्यावरून त्याला शिक्षा होणार नाही. हे शिक्षकांनाही मान्य असावं लागतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. मात्र बैठकीतलं बोलणं ऐकून दुसऱ्या दिवशी वर्गात टोमणा मारला, तरी उपक्रम तिथेच संपतो.

दहा तासिका

आठवड्याला दोन, म्हणजे पाच आठवडे. जून गडबडीत जातो, म्हणून जुलैच्या मध्यापासून सुरुवात करा.

पहिल्या तासिकेत मुलांकडून गेल्या आठवड्यातली भांडणं बिननावाने लिहून घ्या आणि फळ्यावर मांडा. बाकावरची जागा, पेन, चिडवणं, खेळातला आऊट, "तिने माझ्या मैत्रिणीला फोडलं", मोबाइलवरच्या ग्रुपमधून काढलं. एकाच वर्गात तीस-चाळीस सहज निघतात. मग विचारा, यातली कुठली परत परत होतात? इथे मुलांना स्वतःच दिसायला लागतं की वस्तूवरून झालेली भांडणं लवकर संपतात, अपमानावरून झालेली संपत नाहीत.

दुसरी आणि तिसरी तासिका फक्त ऐकण्याची. जोड्या पाडा. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने गप्प राहायचं, आणि मग "म्हणजे तुझं म्हणणं असं की…" अशी सुरुवात करून सगळं परत सांगायचं. पहिल्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय पाळी बदलायची नाही. पहिल्या फेरीत वर्गातल्या निम्म्या जोड्या अडतात, कारण ऐकणारा मनात आपलं उत्तर जुळवत असतो. घाई करू नका. या एका सरावाला दोन पूर्ण तासिका दिल्या तर पुढचं सोपं जातं.

चौथी तासिका भावनांच्या शब्दांची. मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलांना विचारलं तर ती म्हणतात, "राग आला." बस, इतकंच. रागाखाली काय आहे ते काढायला शब्द हवेत, आणि पुस्तकी शब्द दिले तर मुलं तोंडात मूग गिळून बसतात. "मला वाईट वाटलं" म्हणणं बाराएक वर्षांच्या मुलाला जड जातं. त्यांच्याच बोलण्यातले शब्द घ्या: कसंतरी झालं, डोकं फिरलं, लाज वाटली, एकटं पाडलं, पोटात गोळा आला, सगळ्यांसमोर इज्जत गेली, जळलो. फळ्यावर राग मधोमध लिहून भोवती हे शब्द मांडा. मग प्रत्येकाने आपल्या एका जुन्या भांडणाला यातला नेमका शब्द लावायचा. त्या तासिकेत वर्ग हळूहळू शांत होत जातो, ते बघण्यासारखं असतं.

पाचव्या तासिकेत मागणी आणि गरज यांतला फरक. "मला खिडकीची जागा पाहिजे" ही मागणी. का पाहिजे? एकाला फळा नीट दिसत नाही, दुसऱ्याला उकडतं. दोन मागण्या एका जागेवर बसत नाहीत, पण दोन गरजा सहज भागतात: एक पुढे येतो, दुसरा पंख्याखाली जातो. अशी दहा उदाहरणं मुलांकडूनच काढून घ्या.

सहाव्या तासिकेत प्रश्न कसे विचारायचे. आपल्या भाषेत "का केलंस?" हा प्रश्न राहत नाही, तो जाब होतो. ऐकणारा लगेच स्वतःला वाचवायला लागतो. म्हणून मध्यस्थाच्या तोंडून "का" काढून टाका. "काय झालं?", "तेव्हा तुला काय वाटलं?", "आता काय झालं तर बरं होईल?" एवढे तीन प्रश्न पाठ करून घेतले तरी चालतं.

सातवी ते नववी तासिका नाटकाच्या, आणि दहावी तासिका लेखी समेट व गुप्ततेची. नाटकात प्रत्येकाने तिन्ही भूमिका करायच्या: भांडणारा, मध्यस्थ, निरीक्षक. निरीक्षक मुलाच्या हातात शिट्टी द्या. मध्यस्थाने सल्ला दिला किंवा कुणाची बाजू घेतली की शिट्टी. पहिल्या दिवशी शिट्टी सारखी वाजते, तिसऱ्या दिवशी क्वचित.

एक बैठक जवळून

पद्धत सांगण्यापेक्षा एक बैठक दाखवतो. सातवीच्या एका मुलाने दुसऱ्याची कंपासपेटी खिडकीतून फेकली, ती फुटली. मध्यस्थ आठवीतली एक मुलगी आणि एक मुलगा. जागा ग्रंथालयाचा कोपरा. चार खुर्च्या गोलात, मधे टेबल नाही. शिक्षक दाराशी, दिसतील पण बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.

मुलगी सुरुवात करते: "आम्ही कोण चूक ते ठरवणार नाही. सरांनाही सांगणार नाही, कुणाच्या जिवाला धोका असेल तरच सांगू. एक बोलत असताना दुसऱ्याने मधे बोलायचं नाही, शिवी नाही, हात नाही. तुम्हाला दोघांना चालेल का?" दोघांनी मोठ्याने "हो" म्हणायचं असतं. मान हलवलेली चालत नाही. कुणी "नको" म्हणाला, तर बैठक तिथेच थांबते आणि विषय शिक्षकांकडे परत जातो.

"आधी कोण सांगणार?"

"मी. ह्याने माझी पेटी फोडली. एकशे वीसची आहे. नवीन पाहिजे."

"म्हणजे तुझं म्हणणं, पेटी फुटली आणि तुला नवीन हवी. तेव्हा तुला काय वाटलं?"

"काय वाटणार? राग आला." थोडा वेळ गप्प. "पप्पा ओरडतील. आधीची पण हरवली होती."

दुसरा मधेच म्हणतो, "आणि तू मला काय म्हणतो ते सांग की!" मध्यस्थ मुलगा हात वर करतो. "तुझी पाळी येतेय. थांब." मग त्याच्याकडे वळून: "आता तू. काय झालं?"

"हा मला रोज रिक्षा म्हणतो. माझे बाबा रिक्षा चालवतात म्हणून. ए रिक्षा, ए मीटर. सगळे हसतात. मुली पण."

"म्हणजे बाबांच्या कामावरून नाव ठेवतो आणि सगळ्यांसमोर हसू होतं. तेव्हा तुला…"

"लाज वाटते. आणि मग लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग येतो. बाबा काय वाईट काम करतात का?"

इथे मध्यस्थांनी काहीच न बोलता थांबायचं असतं. ही शांतता सहन करायला शिकवावं लागतं. मुलं ती भरायला धावतात आणि "जाऊ दे रे, मनावर घेऊ नको" म्हणून सगळं घालवतात. त्या दिवशी ती दोघं थांबली. पंधरा-वीस सेकंदांनी पेटीवाला खाली बघत म्हणाला, "मला वाटलं तुला गंमत वाटते. तूपण हसायचास."

यानंतर मुद्दे मांडले गेले: चिडवणं आणि पेटी, दोन्ही. मग पर्याय. नियम असा की निदान पाच पर्याय सुचल्याशिवाय कुठल्याही पर्यायाला चांगला-वाईट म्हणायचं नाही. नवीन पेटी, निम्मे पैसे, जुनी पेटी वापरायला देणं, आत जे शाबूत आहे ते काढून घेणं, पेटीवाल्याच्या पप्पांना दुसऱ्याने स्वतः सांगणं. शेवटी ठरलं ते असं: कोनमापक आणि कर्कटक शाबूत होते, ते ठेवले. फेकणाऱ्याने घरातला एक जुना डबा आणून द्यायचा आणि पप्पांना "माझ्या हातून फुटली" असं स्वतः सांगायचं. चिडवणाऱ्याने नावाने हाक मारायची, आणि दुसरं कुणी "रिक्षा" म्हणालं तर हसायचं नाही. हे शेवटचं कलम त्यानेच सुचवलं. कुठल्याही शिक्षकाला ते सुचलं नसतं.

समेटाचा कागद अर्ध्या पानाचा असतो: कोण, काय, कधीपर्यंत. "चांगलं वागीन" चालत नाही, कारण ते मोजता येत नाही. "सोमवारी डबा आणीन" चालतं. दोघांच्या सह्या, मध्यस्थांच्या सह्या, आणि आठ दिवसांनी परत भेटायची तारीख. ही परतभेट चुकवू नका. तिथे मुलं खरं सांगतात.

गावातल्या बैठकीत काय बदलतं

महाराष्ट्रात या कामाला आधीचा पाया आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेतून समिती, तंट्यांची नोंदवही, आणि चांगलं काम करणाऱ्या गावाला पुरस्कार अशी ती रचना. गावातला तंटा गावात बसून सोडवता येतो हे या मोहिमेने घराघरांत पोचवलं, आणि तिची किंमत मी फार मानतो. पण जिथे पुरस्कार आहे तिथे आकड्यांची घाई येते. "मिटला" म्हणून नोंदलेला तंटा खरंच सुटला का, हे बघायला सहा महिन्यांनी परत गेलं पाहिजे. समितीला प्रशिक्षण देणार असाल, तर तिची जुनी नोंदवही उघडून तिथूनच सुरुवात करा: यातले कुठले परत आले?

मोठ्यांच्या बाबतीत पहिली बैठक एकत्र घेऊ नका. मुलं समोरासमोर बोलतात, मोठी माणसं समोरासमोर भूमिका घेतात. दोन्ही घरी वेगवेगळं जा, चहा घ्या, ऐका, परत सांगा. घरातल्या बायकांशी बोलल्याशिवाय उठू नका. भाऊबंदकीच्या निम्म्या गोष्टी कर्ते पुरुष सांगतच नाहीत, त्या स्वयंपाकघरात कळतात. एखादी विधवा भावजय वाटणीची पक्षकार असेल, तर तिच्या शेजारी तिच्या विश्वासाची बाई बसलीच पाहिजे. चौघा दिरांसमोर ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, तर त्याला संमती समजू नका.

जागा निवडताना विचार करा. ज्या पारावर एका बाजूचीच माणसं रोज बसतात तिथे नको. देवळात बसायला सगळ्यांना सारखंच मोकळं वाटतं का, हे विचारून घ्या. शाळेची खोली बहुतेक वेळा चालते.

बांधाच्या भांडणात आधी माहिती, मग बोलणी. "याने बांध कोरला" आणि "तो आधीपासूनच तिथे आहे" यावर दिवसभर बोललात तरी काही निघणार नाही. सातबारा आणि गटाचा नकाशा समोर ठेवा, दोघांच्या सहमतीने भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, खर्च निम्मा-निम्मा. मोजणी होईपर्यंत दोघांनी त्या पट्ट्यात नांगर घालायचा नाही, हा पहिला छोटा समेट. तो पाळला गेला की मोठा जमतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात गेली असेल, तर जानेवारी २०२३ मध्ये शासनाने आणलेली सलोखा योजना बघा. किमान बारा वर्षं असा परस्पर ताबा असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार, इतक्यात काम होण्याची सोय तिच्यात केली. योजनेची सध्याची मुदत तलाठ्याकडून आधी पक्की करून घ्या. शेतरस्ता अडला असेल तर तहसीलदारांना दोन मार्गांनी अधिकार आहेत: जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता देण्याचा, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा. हे दोन्ही पक्षांना आधीच सांगा. कायद्याने काय मिळू शकतं हे माहीत असलेला माणूस समेट करतो तेव्हा तो दबून केलेला नसतो.

शहरातल्या सोसायटीत विषय वेगळे, पार्किंग आणि वरच्या मजल्यावरून येणारी गळती, पण क्रम तोच. गळतीत आधी प्लंबर, मग बैठक.

कागदाची ताकद किती

गावात लिहिलेल्या समेटाला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नसतं, हे लपवू नका. मध्यस्थता अधिनियम, २०२३ मध्ये समुदाय मध्यस्थीची तरतूद आहे: परिसराची शांतता बिघडेल असा वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, तीन मध्यस्थ. मात्र त्यातून निघालेला समेटही दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. पक्कं बळ हवं असेल, तर ठरलेली गोष्ट तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीसमोर न्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यामुळे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच असतो आणि त्यावर अपील नसतं. जमिनीचा, पैशांचा विषय असेल तर मी हाच सल्ला देईन.

जातपंचायत आणि मध्यस्थी यांत कुणी गल्लत करू लागलं, तर तिथेच थांबवा. जातपंचायत फर्मान काढते, दंड लावते, वाळीत टाकते. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मध्यस्थीतून कुणीही, कधीही उठून जाऊ शकतो आणि पोलीस किंवा कोर्टाची वाट त्याला मोकळीच असते. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला हे वाक्य मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वर्ष दुसरं

नोंदवही साधी ठेवा. तारीख, प्रकार, समेट झाला की नाही, परतभेटीत टिकला की नाही. नावं नाहीत. महिन्यातून एकदा मध्यस्थ मुलांसोबत अर्धा तास बसा, आणि त्यांना कुठे जड गेलं ते विचारा. दुसऱ्यांची भांडणं ऐकून मुलं थकतात, काहींना घरचं आठवतं. एखादं मूल "मला महिनाभर नको" म्हणालं, तर लगेच मोकळं करा.

आठवीची मुलं मार्चनंतर शाळा सोडून जातात, आणि बरेच उपक्रम तिथेच बंद पडतात. म्हणून जानेवारीतच सातवीच्या वर्गांत पुन्हा चिठ्ठ्या वाटा. निवडलेल्या प्रत्येक मुलाला दोन बैठकांत आठवीच्या मध्यस्थाशेजारी नुसतं बसू द्या. तिसरी बैठक त्याने चालवायची, आठवीच्या मध्यस्थाने शेजारी बसायचं, आणि शिट्टी आता आठवीच्या मध्यस्थाच्या हातात.